काच क्रमांक ११८७

१

कपाटाच्या पाचव्या कप्प्यात ११८६ होती, ११८८ होती. मधली खाच रिकामी होती.

श्रावस्तीने कप्पा पूर्ण बाहेर ओढला. काच शेजारच्या खाचेत सरकली आहे का, मागे पडली आहे का, सगळं पाहिलं. मग ती भिंतीलगतच्या लाकडी पेट्यांकडे वळली. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घेतात, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. काच फुटली तर ठोकळ्यातून दुसरी करता येते, म्हणून ठोकळे वर्षानुवर्षं जपायचे असतात.

११८७ चा ठोकळाही जागेवर नव्हता.

"घावंना व्हय?" दारातून आवाज आला.

बब्रुवान ईटहून पहिल्या एसटीने आले होते. टोपी काढून हातात धरलेली. आत या म्हटलं तरी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नव्हते.

"सापडेल. बसा तुम्ही."

"मी भांडाय न्हाय आलो, ताई. सर गेल्याचं कळलं तवा आमच्या घरात चूल पेटली न्हवती. पर सोलापूरचं डॉक्टर म्हन्ले, पैली काच आणा. बघू, तवाच होतं का मागनं झालं."

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक सोलापूरच्या इस्पितळाचा, जुलैचा. त्यांची थोरली बहीण तुळजाबाई, वय छप्पन्न, मानेतल्या गाठीची नवी तपासणी: हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे गाठींचा एक कर्करोग. दुसरा गेल्या डिसेंबरचा, याच लॅबचा. तीच मान, तीच गाठ. निदान: क्षय. खाली डॉ. प्रेमानंद बनसोडे यांची सही.

श्रावस्तीने वडिलांची सही पाहिली आणि मग मजकूर वाचला. गाठीची एकंदर रचना विस्कटलेली. क्षयात दिसतात तसे पेशींचे पुंजके. मग काय दिसलं नाही त्याची यादी, आणि त्या यादीत शेवटी: दोन केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसल्या नाहीत.

हॉजकिनची ओळख त्या पेशीवरून पटते. काचेवर ती घुबडासारखी दोन डोळे वटारून बघते. पप्पांनी तिला ती आठव्या वर्षी दाखवली होती.

"सा महिने क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या तिनं," बब्रुवान म्हणाले. "अजून विलाज हाय म्हन्तेत, हाय. पर अक्का रोज एकच इचारती. माझे सा महिने कुनी घेतले?"

पप्पांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. ती पुण्याहून लॅब आवरायला आली होती, आणि आवरायच्या आधीच कुणीतरी हात मारून गेलं होतं. चोर असता तर काच नेली असती. ठोकळाही न्यायचा असतो हे ज्याला कळत होतं, तो घरातलाच माणूस होता.

२

लॅबच्या किल्ल्या चार. एक पप्पांची, आता तिच्याकडे. दुसरी रिपोर्ट टाईप करणाऱ्या हर्षालीकडे. तिसरी शरणबसप्पांकडे, सव्वीस वर्षं या लॅबमध्ये तुकडे कापणं, रंगवणं, काचा करणं, रक्तातल्या पेशी मोजणं हे सगळं त्यांच्या हातचं. चौथी डॉ. योगीराज यांच्याकडे. ते तरुण पॅथॉलॉजिस्ट महिन्यातून दोनदा इथे बसायचे आणि पप्पांच्या मागे लॅब चालवायला घ्यायची म्हणत होते.

हर्षाली संगणकाचं कव्हर काढत होती. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर यंदाचं कॅलेंडर, त्याच्याखाली त्याच खिळ्याला गेल्या वर्षीचं, त्याच्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचं. यंदाच्या एकपानी कॅलेंडरवर जानेवारीत एका तारखेला पिवळ्या बोटाचा ठसा होता. लॅब म्हटली की रंग सांडतातच, म्हणून श्रावस्तीने तिकडे फारसं पाहिलं नाही.

"तुळजाबाईंचा रिपोर्ट तूच टाईप केलास?"

"सगळे मीच करते की, ताई. सर बोलायचे, मी टाईप करायचे."

"समोर बसून?"

"न्हाई, पडद्याच्या अलीकडं. सरांना काच बघताना कुणी समोर चालायचं न्हाई." ती बोलता बोलता थांबली. "मला आवाज यायचा तेवढा."

"कुणाकुणाचा आवाज?"

हर्षालीने कीबोर्डवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती. "सरांचाच की. अजून कुणाचा येणार?"

"ईटहून काच मागायला येणार आहेत, हे तुला आधी कळलं होतं?"

"चार दिवसांपूर्वी फोन आला होता त्यांचा. म्या घेतला."

"कुणाला सांगितलंस?"

"ताई, तुम्ही पोलिसासारखं नका विचारू. मला रडू येतं."

रडू खरं होतं. पण खऱ्या रडण्याच्या आडही माणूस बसतो.

योगीराज दहा वाजता आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोटारीची किल्ली. पप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी काचांच्या कपाटाची किल्ली मागितली होती, हे श्रावस्ती विसरली नव्हती.

"काच नाही?" ते मनापासून दचकल्यासारखे दिसले. "बघा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सर माझ्या गुरूच्या जागी. पण सत्तरी ओलांडली होती. एखादी काच चुकते. काच न सापडणं तुमच्याच पथ्यावर पडेल."

"माझ्या पथ्यावर?"

"सरांच्या नावाच्या म्हणतोय मी. काच नाही तर तुलना नाही. तुलना नाही तर चूक नाही."

"आणि तुम्हाला लॅब स्वच्छ मिळते."

ते हसले, पण कान तांबडे झाले. "मिळाली तर स्वच्छच मिळावी, ताई. त्यात काय पाप?"

ते गेल्यावर श्रावस्ती पडद्यापलीकडे गेली. समोरासमोर दोन माणसांना एकच काच पाहता येईल असा पप्पांचा जुना दोन तोंडांचा सूक्ष्मदर्शक. एका बाजूला पप्पांची खुर्ची, समोर लाकडी स्टूल. लहानपणी त्या स्टुलावर ती बसायची. तिने सवयीने पप्पांच्या बाजूने डोळे लावले. काही नीट दिसेना. बोट फिरवलं तर भिंगांवर धुळीचा जाड थर. तेवीस दिवसांची ही धूळ नव्हती. ती उठून स्टुलावर बसली.

स्टुलाच्या बाजूची भिंगं लख्ख पुसलेली होती.

तिने मोबाइल काढला. पप्पांचा आवाज ऐकावासा वाटला. गेली दोन वर्षं ते मेसेज लिहीत नसत, बोलून पाठवत. म्हातारपणी माणूस मायाळू होतो, असं तिला वाटलं होतं. तिने फोन तसाच परत ठेवला. अजून तेवढा धीर नव्हता.

३

कुणाचं लिखाण कुणाचं, हे ओळखणं हाच श्रावस्तीचा धंदा होता. पुण्याच्या एका संस्थेत ती निनावी पत्रं, वादातली मृत्युपत्रं, एकाच्या नावावर दुसऱ्याने लिहिलेले प्रबंध तपासायची. पप्पांना त्याची गंमत वाटायची. "तुझं नि माझं काम एकच," ते म्हणायचे. "लिम्फोमा म्हणजे एक रोग न्हाई, साठ-सत्तर रोगांचं खानदान. एका खुणेवर नाव ठेवलं की फसलीस. चार खुणा जुळू दे, मग बोल."

त्यातूनच दोघांनी मिळून एक संशोधन काढलं होतं. सत्तावीस वर्षांत लॅबमध्ये सापडलेले ४१२ लिम्फोमा घ्यायचे आणि जुनी नावं नव्या वर्गवारीत बसवायची. पूर्वी पेशी दिसते कशी त्यावरून नाव असे. आता ती कोणत्या पेशीच्या वंशातली यावरून ठरतं. त्या ४१२ पैकी प्रत्येकाच्या निदानाला पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेने दुजोरा दिलेला होता. सगळे रिपोर्ट श्रावस्तीच्या लॅपटॉपवर होते. रोगांच्या बाजूने ते पप्पांनी लावले होते. लिहिणाऱ्याच्या बाजूने त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

आता तिने पाहिलं.

दुपारचे दोन वाजेपर्यंत चित्र स्पष्ट झालं. रिपोर्टांचे दोन ढीग पडत होते. पहिल्या ढिगात लिहिणारा लांबून जवळ येई: आधी पूर्ण गाठ, मग तिचे भाग, मग पेशी. आकडा जवळपास कुठेच नाही. आणि शेवटी हटकून, काय काय दिसलं नाही त्याची यादी. दुसऱ्या ढिगात लिहिणारा सुरुवात करी ती सुरीखाली गाठ कशी लागली इथून: घट्ट, रबरासारखी, माशाच्या मांसासारखी पांढरी. मग थेट पेशीवर. आणि सगळं मोजलेलं. दहा ठिकाणी पाहिलं, सात ठिकाणी सापडलं. काय दिसलं नाही ते एकदाही नाही.

पहिला ढीग पंचवीस वर्षांचा होता. दुसरा, शेवटच्या दोन वर्षांचा. त्यातले एकतीसच्या एकतीस लिम्फोमा दुसऱ्या ढिगात.

श्रावस्तीने लॅपटॉपचं झाकण अर्धवट मिटलं. भिंतीवरून बाबासाहेब आणि त्यांच्या शेजारून पप्पा तिच्याकडे पाहत होते. पप्पांच्या फोटोला हार घालायचा तिला अजून धीर झाला नव्हता.

दोन वर्षं पप्पांच्या सहीखाली कुणी दुसराच बोलत होता.

योगीराज? त्यांच्या सहीचे रिपोर्ट तिने काढून पाहिले. तीन ओळींत आटोपलेले, ना यादी ना मोजणी. हर्षाली? तिने सूक्ष्मदर्शकाला कधी डोळा लावला नव्हता. आणि ठिकाणं मोजायची तर डोळा लावावाच लागतो. सुरीखाली गाठ कशी लागते हे लॅबमध्ये एकच माणूस सांगू शकत होता, तो म्हणजे सुरी धरणारा. रक्तातल्या पेशी खटके दाबून मोजण्यात ज्याची सव्वीस वर्षं गेली, त्याला मोजल्याशिवाय पाहताच येत नाही.

चार खुणा जुळल्या होत्या. ज्याच्या खांद्यावर बसून तिने येडशीच्या रामलिंगाची माकडं पाहिली, त्या माणसाने तिच्या बापाच्या नावावर तुळजाबाईचे सहा महिने खाल्ले होते.

४

शरणबसप्पा घरीच होते. अणदूरला त्यांचं घर खंडोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. पायजम्यावर बनियन, गळ्यात लिंगाची डबी, ओसरीवर शेंगा फोडत बसलेले. श्रावस्तीला पाहून शेंगांची पाटी बाजूला सारली.

"ये पोरी. जयभीम. एकटीच आलीस? पानी घे आदी."

तिने पाणी घेतलं. ते चुळबुळत होते. बोलायचं काहीतरी म्हणून देवळाकडे बोट केलं.

"दर्शन घेऊन ये वाटल्यास. देव हितंच हाय सध्या. मार्गशीर्षात नळदुर्गाला जातोय, पौषाची यात्रा झाली की मागारी येतोय. मूर्ती एकच, देवळं दोन. जाताना बी आन् येताना बी आमच्या घरची दिवटी म्होरं लागती. बापानंतर मीच धरतोय. आजपातूर एकदा चुकली न्हाई."

"काका, ११८७ ची काच कुठंय?"

शेंगेचं एक टरफल त्यांच्या बोटात राहिलं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं आणि आत गेले. देव्हाऱ्यामागून कापडाची पुरचुंडी आणली. पिवळ्या भंडाऱ्याने माखलेल्या फडक्यात काच होती, ठोकळाही होता.

"फेकून का नाही दिलीत?"

"काच फेकाय शिकिवलं न्हाई सरांनी."

"तुम्ही पाहिलीत ती?"

"हर्षालीनं फोनचं सांगितलं त्याच दिशी बघितली. दहा जागी बघितलं. सा जागी हायेत. घुबडावानी. धडधडीत." त्यांनी मान खाली घातली. "ती रिपोर्ट माझीच, श्रावस्ती. सरांचा काय संबंध न्हाई. सर थकले हुते, सही करायचे निसती. म्या बघायचो, म्या सांगायचो. त्या दिशी चुकलं माझं. सांग ईटच्या पाव्हन्याला. पोलिसात देते म्हनलीस तरी चालंल."

हेच ऐकायला ती चाळीस मैल आली होती. आता ऐकलं तर ते नको होतं.

"ज्याला परवानगी नाही त्याने रिपोर्ट द्यायचा, हे पप्पांनी चालवून घेतलं?"

"त्यांचं नाव घेऊ नको यात."

"आणि अशा अजून किती चुकल्या असतील, काका? दोन वर्षांत मानेच्या, काखेच्या शेकड्याने गाठी आल्या असतील. सगळ्यांना परत बोलवायचं?"

शरणबसप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. ती स्वतःसाठीची नव्हती.

"न्हाई न्हाई, बाकीच्या नीट हायेत. एकबी चुकली न्हाई. लिहून देतो."

"एक चुकली आणि बाकी एकही नाही, हे तुम्ही कशावरून सांगता?"

त्यांनी आत बायकोला चहा टाकायला सांगितला. श्रावस्ती चहा न घेता पुरचुंडी घेऊन उठली, तेव्हा त्यांनी हात जोडले नाहीत की डोळे पुसले नाहीत. फक्त म्हणाले, "माझंच म्हनून लिही बरं का."

लिही? गाडीपर्यंत जाताना तो शब्द तिच्या पायात येत राहिला. चूक केलेला माणूस म्हणतो, लिहू नको.

५

एक गोष्ट तिने केली नव्हती. इतकी साधी की दुसऱ्या कुणी केली नसती तर तिने त्याला झापलं असतं. ११८७ चा रिपोर्ट तिने तपासलाच नव्हता. त्यावर क्षय असं निदान होतं, त्यामुळे तो ४१२ लिम्फोमांत नव्हताच. दुसऱ्याचा हात सापडला म्हणून चूकही त्याचीच, असं तिने एका खुणेवर नाव ठेवून टाकलं होतं.

लॅबमध्ये येऊन तिने हर्षालीकडून दोन वर्षांतल्या गाठींचे सगळे रिपोर्ट मागितले. क्षय निघालेले, साधी सूज निघालेले, सगळे. एकशे त्रेचाळीस. सगळ्यांत वर तुळजाबाईंचा ठेवला.

लॅपटॉपवर लावून पाहायचीही गरज नव्हती. गाठीची एकंदर रचना. मग पुंजके. आकडा एकही नाही. आणि शेवटी, काय काय दिसलं नाही त्याची यादी.

पहिला ढीग. पप्पांचा.

तिने पुन्हा वाचला. सकाळी उंबरठ्यावरच वाचला होता, आणि इतका ओळखीचा वाटला होता की त्यात वेगळं काही दिसलंच नव्हतं. ज्या आवाजात आपण वाढलो तो आवाज आपल्याला ऐकूच येत नाही.

उरलेल्या एकशे बेचाळीसांपैकी एकशे अडतीस मोजणाऱ्या हाताचे निघाले. चार पप्पांचे. तिने पाचही तारखा कागदावर उतरवल्या: एक डिसेंबर २०२३ ची, एक पुढच्या जानेवारीची, दोन गेल्या डिसेंबरच्या, एक यंदाच्या जानेवारीची. बाकी वर्षभर काही नाही.

"हर्षाली, ती खालची कॅलेंडरं दे जरा."

हर्षालीने खिळ्यावरून तिन्ही काढली आणि टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही. मार्गशीर्षात एक पिवळं बोट. पौषात एक पिवळं बोट. तीन वर्षांत चार ठसे. श्रावस्तीने नखाने एक खरवडला आणि बोट नाकाशी नेलं. लॅबचा रंग नव्हता. हळद होती, भंडारा.

"रजा मागायची त्यांची रीत हाय ती," हर्षाली हळूच म्हणाली. "अर्ज लिहीत न्हाईत. बोट उठवतेत."

"त्या दिवशी पडद्यामागून किती आवाज येत होते?"

"एकच, ताई." आता ती सरळ रडू लागली. "एरवी दोन यायचे. सर विचारायचे, काका सांगायचे. त्या दिवशी सर एकटेच होते. लई वेळ काही बोललेच न्हाईत. मग एकदम सगळं सांगून टाकलं. मी म्हणले, सर, काका आल्यावर बघूया का? तर म्हणले, माणूस दोन दिवस पायरीवर बसलाय, हर्षाली."

श्रावस्तीने फोन काढला. पप्पांचे निरोप तारखेने लावलेले होते. ती बोट सरकवत डिसेंबरापर्यंत गेली. रिपोर्टचीच तारीख, संध्याकाळची वेळ.

"जयभीम, पोरी. तुझा लेख आलाय. बसप्पा देवाला गेलाय, चार दिवसांनी येईल. आला की वाचतो सावकाश. घाई न्हाई ना?"

तिने तो तेव्हाही ऐकला होता. पप्पांना लेख वाचायला बसप्पा कशाला हवा, हे तिने विचारलं नव्हतं. लेखासाठी ते चार दिवस थांबले होते.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये तिने शरणबसप्पा आणि योगीराज दोघांनाही बोलावलं. तारखा, कॅलेंडरं, ११८७ चा रिपोर्ट टेबलावर मांडला.

"त्या दिवशी तुम्ही दिवटी घेऊन नळदुर्गच्या वाटेवर होता, काका. आजवर एकदा चुकली नाही, तुम्हीच म्हणालात. मग ११८७ तुम्ही कुठून पाहिली?"

शरणबसप्पांनी कॅलेंडरावरच्या पिवळ्या ठशावर अंगठा ठेवला.

"तुझ्या लक्षात येईल म्हनून बोट पुसून काढणार हुतो," ते म्हणाले. "मग वाटलं, देवाचं हाय, कसं पुसू?"

"पप्पांना किती दिसत होतं?"

"कडंचं दिसायचं. मधलं न्हाई. मानूस दारातनं आला तर कळायचं, त्येचं तोंड कळायचं न्हाई. दोन वर्सं झाली. तुला सांगू नको म्हनले." त्यांनी स्टुलाकडे पाहिलं. "काच सर सरकवायचे, हाताला सवय हुती. म्या ह्या बाजूनं बघायचो. ते इचारायचे, कडा कशी हाय, किती हायेत, रंग कुठं धरलाय. म्या मोजून सांगायचो. नाव मातर त्येच द्यायचे. म्या एकदाबी रोगाचं नाव घेतलं न्हाई, पोरी. डोळं माझं, डोस्कं त्यांचं."

योगीराज खुर्चीतून उठले होते. "हे बाहेर गेलं तर लॅब बंद. तुमच्यावर गुन्हा, काका. आणि सरांचं नाव..." त्यांनी श्रावस्तीकडे पाहिलं. "कशाला उकरायचं? काकांचीच चूक म्हणा. ते तयार आहेत."

"काकांची म्हटलं तर एकशे अडतीस माणसांना उगाच घाबरवायचं," श्रावस्ती म्हणाली. "आणि पप्पांची म्हटलं तर पाच. त्या पाचांतला एखादा अजून चुकीची गोळी गिळत असेल. तो कोण, हे खोटं सांगून कळणार नाही."

तिने पप्पांच्या बाजूची भिंगं पुसली आणि खुर्ची मागे ओढली. "बसा, डॉक्टर. पाच काचा आहेत."

योगीराज किल्ली खिशात टाकून बसले. पुढचा पाऊण तास फक्त काचा सरकत होत्या. समोरच्या स्टुलावर शरणबसप्पा. ११८७ वर दोघेही एकाच जागी थांबले. दुसरी, तिसरी, चौथी ठीक. पाचवीपाशी योगीराजांनी डोळे काढले, पुसले, परत लावले.

"साधी सूज म्हटलंय सरांनी. मला तसं वाटत नाही. काका, तुम्हाला?"

"न्हाई वाटत," शरणबसप्पा म्हणाले.

यंदाचा जानेवारी. येडशीचा पिराजी, वय एकोणचाळीस, रेल्वेत कामाला.

"ठोकळा आजच पुण्याला पाठवू," योगीराज म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच डॉक्टरसारखा लागला. "आणि त्याला मी स्वतः फोन करतो."

७

ईटला तुळजाबाई ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. डोक्याला रुमाल, मानेला पट्टी. श्रावस्तीने काच, ठोकळा आणि एक कागद त्यांच्यासमोर ठेवला. सगळं सांगितलं. डोळ्यांचं, दोन आवाजांचं, दिवटीचं. कुठेही आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

"मीच बसलो हुतो पायरीवर," बब्रुवान म्हणाले. "सर म्हन्ले हुते, चार दिसानं या. म्याच म्हन्लं, अक्काला झोप न्हाई."

"तुजा काय गुना?" तुळजाबाई म्हणाल्या. "घाई म्या लावली हुती."

"नाही," श्रावस्ती म्हणाली. "चार दिवसांनी या म्हणणं पुरेसं नव्हतं. का ते सांगायला हवं होतं. मला दिसत नाही, एवढंच. तुम्ही थांबला असतात."

"थांबलो असतो की. मानूस दिसत न्हाई म्हन्ला तर कोन रागावतंय?" तुळजाबाईंनी कागद उचलला आणि परत तिच्या हातात दिला. "मला वाचाय येत न्हाई. तू वाच."

तिने वाचला. काच तेव्हाच बोलत होती, रोग तेव्हाच होता, निदान डॉ. प्रेमानंद बनसोडे यांनी एकट्याने केलं आणि ते चुकलं. खाली तिची सही.

तुळजाबाईंनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग म्हणाल्या, "बाप हुता तुजा."

"हो."

"त्येला सांगवलं न्हाई."

"नाही."

"बस. भाकरी खाऊन जा."

श्रावस्ती बसली. पप्पा गेल्यापासून कुणाच्या घरी ती पहिल्यांदाच जेवायला बसत होती. पहिला घास मोडला तोच फोन वाजला. शरणबसप्पा.

"येडशीचा पिराजी आलाय, पोरी. आत ये म्हनलं तर पायरीवरच बसलाय. पुन्याचा निकाल यायला येळ हाय. डॉक्टर म्हन्तेत, तुला इचारून बोलू. काय सांगायचं त्येला?"

तिने घास ताटात ठेवला.

"काय दिसतंय ते सांगा, काका. आणि कुणी पाहिलंय, तेही."